शेवटच्या पानावरची चौकट

बारावी पास झाले त्या वर्षी मी कॉलेजात गेले नाही. घरात आक्काचं बाळ होतं आणि ते सांभाळायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आमचं घर लोणीच्या शिवारात, गावापासून थोडं बाजूला, वस्तीवर. आंबेगाव तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग म्हणजे बाजरी, मटकी, आणि विहिरीला पाणी असलं तर कांदा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आई आणि दादा दोघंही दिवसभर रानात. माझी थोरली बहीण, आक्का, जुन्नर तालुक्यात ओझरच्या बाजूला दिली होती. तिकडं नदी, ऊस, द्राक्षाच्या बागा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती आईला म्हणाली होती, "आई, तिथं उन्हाळ्यात पण हिरवं असतंय." ते सांगताना तिला किती अप्रूप वाटत होतं ते मला अजून दिसतं.

पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं आली. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मंचरच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आणल्यावर आईनं शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर सुरू केलं. पण आक्काचा ताप उतरेना. खोकला तिला दिवस गेलेले असतानाच लागला होता आणि जो तो म्हणत होता, असतो असा एखादीला. बाळंतपणानंतर तो वाढला. ती भिंतीला टेकून बसायची, खोकून झालं की डोळे मिटायची, आणि बाळ मांडीवर तसंच रडत राहायचं.

पुन्हा मंचरला नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी दादांना एकट्याला आत बोलावलं. दादा बाहेर आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. आईनं विचारलं, "काय म्हणत्यात?"

"टीबी हाय म्हणत्यात. बरा व्हतो आता, गोळ्या असत्यात. पण लेकरू लांब ठिवायला सांगितलंय."

आज एखादा डॉक्टर कदाचित वेगळं सांगेल. तेव्हा आम्हाला हेच सांगितलं आणि आम्ही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी दाजी आणि आक्काच्या सासूबाई आल्या. दाजी फार कमी बोलणारा माणूस. पुण्याच्या बाहेर एक मोठा दवाखाना आहे, तिथं ठेवू, नंतर पुण्यातच त्यांच्या आत्याकडं राहील, गोळ्या संपेपर्यंत, एवढंच ते म्हणाले. सासूबाईंनी मात्र ओट्यावर बसून दादांना नीट समजावलं. "पावणं, ह्याचा बोभाटा नको व्हायला. माझ्या धाकटीचं लगीन जमवायचंय. आमच्या गावात आमी सांगणार, माहेरी ऱ्हायलीय म्हणून. तुमी तुमच्याकडं कायबी सांगा, पर हे नाव घेऊ नका."

दादा हो म्हणाले. आमच्याकडं सांगायचं ठरलं, की अंगात रक्त कमी आहे म्हणून पुण्याला ठेवलंय. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. जाताना त्यांनी बाळाच्या कपाळाला कपाळ लावलं आणि पदरानं डोळे पुसले. पण मुलगी लग्नाची होती, आणि त्या आजाराच्या नावानं जमलेली लग्नं मोडताना त्यांनी पाहिली असणार.

आक्का जीपमध्ये बसायच्या आधी मला म्हणाली, "कालेजाचं काय गं तुझं?"

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी जाईन."

तिनं बाळाकडं हात नेला आणि मध्येच मागं घेतला. मग तोंडावर पदर धरून ती बसली आणि जीप गेली.

बाळ माझ्याकडं आलं ते असं. मला काहीच येत नव्हतं. आई सकाळी रानात जायच्या आधी पाय लांब करून पाटावर बसायची, बाळाला पायांवर पालथं घालायची आणि आंघोळ घालायची. पहिले काही दिवस मी नुसती गरम पाण्याची बादली धरून उभी राहायचे. मग एक दिवस आई म्हणाली, "बस तू. मी पानी घालते." ते ओलं, गुळगुळीत, तेलकट अंग पायांवर आलं तेव्हा मला भीतीनं घाम फुटला. नंतर तेच काम मला दिवसातलं सगळ्यात आवडीचं झालं. आंघोळ झाली की धुरी द्यायची, टाळूवर तेल घालायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कुंची बांधायची. गाईच्या दुधात पाणी घालून उकळायचं आणि बोंडल्यानं घोट घोट पाजायचं. ती दूध गिळताना घशातून एक बारीक आवाज यायचा. तो आवाज आला की मला वाटायचं, चला, पोटात गेलं.

तिचं बारसं झालं नव्हतं. तिची आई जवळ नाही, सासरचं कुणी नाही, मग पाळणा कुणी बांधायचा. दादा म्हणाले, ते आक्का बरी झाल्यावर त्यांच्या घरी होईल. पण हाक मारायला काहीतरी हवं म्हणून मी तिला एक नाव ठेवलं. ते नाव आमच्या घरात वर्षभर चाललं. ते इथं लिहीत नाही. आता त्या नावानं तिला कुणी ओळखत नाही, आणि ते नाव माझ्यापुरतंच राहिलेलं मला बरं वाटतं.

दिवस तिच्या भोवती फिरायला लागले. छपराच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली होती. तिला झोळीत टाकून एका पायानं दोरी ओढत मी ज्वारी निवडायचे, तांदूळ निवडायचे, मध्येच माझं बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक उघडायचे. ती उठली की पुस्तक मिटायचं. कॉलेजला गेलेल्या माझ्या मैत्रिणी सुट्टीत भेटायला यायच्या. पुण्याचं सांगायच्या, होस्टेलचं, बसचं. मी ऐकायचे, पण त्यांचं बोलणं चालू असताना माझा कान झोळीकडं असायचा. एकीनं मला विचारलं, "कंटाळा नाही येत?" मी खरंच विचार केला. थकायला व्हायचं, रडू यायचं कधी कधी, पण कंटाळा आल्याचं मला आठवत नाही.

मधे एकदा आक्का येऊन गेली. तिला गोळ्यांनी कावीळ झाली होती, त्यामुळं उपचार मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावे लागले होते आणि तिचं घरी येणं लांबलं होतं. दवाखान्यातून आत्याकडं सोडायच्या आधी दाजी तिला मुद्दाम जीपनं आमच्याकडं घेऊन आले. आक्का अंगणाच्या कडेला, बाभळीपाशी उभी राहिली. पुढं आली नाही. तोंडाला पदर बांधलेला. तिचे गाल बसले होते, हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

मी ओट्यावर बाळाला दोन्ही हातांनी उचलून धरलं. ऊन होतं. बाळानं डोळे बारीक केले आणि मग माझ्या बांगडीशी खेळायला लागलं.

आक्का म्हणाली, "तिचं त्वांड इकडं कर ना."

मी तिला फिरवलं. आक्का कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नाक दादांचं हाय."

"व्हय," आई म्हणाली. "आन् रडनं तुझं."

आक्का हसली. बाळानं तिच्याकडं पाहिलं, अनोळखी माणसाकडं पाहावं तसं, आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं. मी आक्काच्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं. तिला काय होत असेल ते मला कळत होतं, आणि माझ्या खांद्यावर ते गरम तोंड टेकलं होतं म्हणून मला आनंदही होत होता. दोन्ही एकाच वेळी.

वर्ष सरत आलं तसं डॉक्टरांनी सांगितलं, झालं, आता पूर्ण बरी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळाला न्यायचं ठरलं. आक्का चार दिवस आधीच येऊन राहिली, बाळाला तिची सवय व्हावी म्हणून. तिनं घाई केली नाही. आधी नुसती शेजारी बसायची, मग भात भरवायची, मग झोळीची दोरी धरायची. माझ्या हातातलं एकेक काम ती मागून घेत होती आणि मी देत होते. "हिला बोंडल्यानं प्यायची सवय हाय, पेल्यानं पीत न्हाई." "पालथी झोपवली की झोपती." "पोट दुखलं तर वावडिंगाचं पानी दे." मी सांगत होते आणि ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती.

जीप आली त्या सकाळी आक्कानं बाळाला कडेवर घेतलं. ती पुढच्या सीटवर बसली. बाळाला वाटलं मीपण बसणार. मी बाहेरच उभी राहिले तेव्हा तिनं दोन्ही हात माझ्याकडं केले. मग रडायला लागली. आई मला म्हणाली, "तू आत जा."

मी आत गेले. मागच्या दारात, जिथं दिवसभर सावली असते, तिथं उभी राहिले. जीपचा आवाज लोणीच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता. नंतर आईनं झोळी सोडली, लुगडं धुऊन वाळत घातलं. संध्याकाळी दादा रानातून आले आणि रोजच्यासारखे दारातूनच ते नाव घेऊन हाक मारायला गेले, आणि गप्प झाले.

माझ्या बारावीच्या बाई पेठला राहायच्या. मंचरच्या ज्युनियर कॉलेजात आम्हाला केमिस्ट्री शिकवायच्या. त्यांनी निरोप धाडला, की पुण्याला मुलींच्या एका कॉलेजात बी.एस्सी.चे फॉर्म सुटलेत, होस्टेल आहे, अजून उशीर करू नकोस. दादा स्वतः पुण्याला जाऊन फॉर्म घेऊन आले. खिडकीतल्या माणसानं त्यांना विचारलं होतं, मुलीचं वर्ष गेलंय का. दादा म्हणाले, गेलंय, पण नापास नाही. तो म्हणाला, "मग शेवटच्या पानावर लिहा काय कारण असेल ते. नाही लिहिलं तर इथं बसलेली माणसं आपापल्या मनानं अर्थ काढतात."

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती. वर छापलं होतं: आणखी काही माहिती द्यावयाची असल्यास (ऐच्छिक). दादांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "ऐच्छिक म्हंजी न्हाई भरलं तरी चालतंय. पर तो तर भरा म्हनला."

दोन दिवस मी ती चौकट भरायला बसत होते. आधी वेगळ्या कागदावर लिहून बघावं म्हणून वहीची पानं घेतली. लिहायला लागले ते थांबताच येईना. पहिला दात कसा आला, तो यायच्या आधी ती किती दिवस चिडचिडी होती. पाऊस लागला की छपराच्या आवाजाला ती कशी घाबरायची आणि माझा हात तिच्या कानावर ठेवला की कशी झोपायची. पाठपोट तीन पानं भरली. आक्काच्या आजाराचं नाव मात्र त्यात कुठंच नव्हतं. दादांनी शब्द दिला होता. मी लिहिलं होतं, काही घरगुती कारणास्तव.

ती पानं घेऊन मी पेठला बाईंच्या घरी गेले. त्यांचं घर हायवेच्या अगदी जवळ, ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजायच्या. बाईंनी चष्मा लावला आणि तिन्ही पानं शांतपणे वाचली. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाल्या, "हे तू जपून ठेव. हे कॉलेजला द्यायचं नाही."

मला वाटलं त्यांना आवडलं नाही.

"तसं नाही," त्या म्हणाल्या. "बघ, त्या चौकटीत त्यांना तीनच गोष्टी हव्यात. काय झालं, तू काय केलंस, आणि आता ती अडचण आहे का नाही. तिथं मन मोकळं करायचं नसतं. फॉर्ममधल्या बाकीच्या पानांवरून जे कळत नाही, तेवढंच सांगायचं. तुझे मार्क त्यांना दिसतात. वर्ष गेलेलं दिसतं. का गेलं ते दिसत नाही."

"घरगुती कारण लिहिलंय की मी."

"घरगुती कारण म्हणजे काहीही असतं. लग्न जमत होतं, मोडलं. नापास झाली, लपवलं. वाचणारा माणूस तुला ओळखत नाही. त्याला धरायला काहीतरी खरं दे."

मी त्यांना सगळं सांगितलं, आजार कोणता ते, सासूबाईंनी काय सांगितलं ते. बाईंना ते नवीन होतं. त्या म्हणाल्या, "मग आजाराचं नाव नको लिहूस. गंभीर आजार लिही, चालेल. पण लिहायचंच असलं तर जिचं आहे तिला विचारून लिही."

विचारायला जायला हवं हे मला पटलं. पण खरं सांगायचं तर मला ओझरला जायला कारण मिळालं. दोन महिने मी तिला पाहिलं नव्हतं.

लोणीवरून मंचर, मंचरवरून नारायणगाव, आणि तिथून ओझरकडं जाणाऱ्या जीपमध्ये कोंबून बसलेली माणसं. मांडीवर पिशवी, पिशवीत फॉर्म, वहीची ती तीन पानं आणि आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या वड्या. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. एवढं हिरवं बघून मला वाटलं, बरं झालं, ती इथं वाढेल.

आक्का अंगणात कपडे वाळत घालत होती. अंगावर मांस आलं होतं, रंग उजळला होता. आणि तिच्या मागून, तिच्या साडीच्या निऱ्या धरून, बाळ चालत होतं. ती चालायला लागली ते मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडून गेली तेव्हा नुसती भिंतीला धरून उभी राहायची. आता पावलं टाकत होती, डुलत, मध्येच बसत, पुन्हा उठत.

मी पिशवी खाली ठेवली आणि ते नाव घेऊन हाक मारली.

तिनं वळून पाहिलं. क्षणभर मला वाटलं आता येईल. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग आक्काच्या साडीत शिरली. एक डोळा तेवढा बाहेर.

आक्का म्हणाली, "अगं मावशी हाय. जा की."

ती आणखी आत शिरली.

"राहू दे," मी म्हणाले. "विसरली असंल."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. हातातलं ओलं लुगडं तसंच बादलीत टाकून ती आली, माझा हात धरला आणि मला आत नेलं. तिचा हात ओला होता आणि गरम होता. चहा झाल्यावर मी फॉर्म काढला. सासूबाई समोरच भाजी निवडत बसल्या होत्या. मी हळूच म्हणाले, की ह्यात वर्ष का गेलं ते लिहायचंय, बाईंनी सांगितलंय गंभीर आजार लिहिलं तरी चालेल, तुला विचारायला आले.

आक्कानं चौकट वाचली. मग पिशवीत तिला वहीची तीन पानं दिसली, तीही मागितली. मी द्यायला तयार नव्हते, पण तिनं पिशवीतून काढून घेतलीच. ती वाचत होती तेव्हा बाळ तिच्या मांडीवर बसून कागदाचा कोपरा ओढत होतं. आक्कानं पानं वाचून संपवली, घडी घातली आणि पदराच्या आत ठेवली.

"ही माझ्याकडं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझ्याकडं ह्यातलं कायच न्हाई. तिचा पयला दात मला म्हाईत नव्हता."

मी हो म्हणाले.

मग ती म्हणाली, "आता लिही. मी सांगते. टीबी झाला व्हता असं लिही."

सासूबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला. "अगं, आजून पोरीचं जमायचंय."

"आत्याबाई, पुन्याच्या कालेजात आपल्याला कोण वळखतंय?" आक्काचा आवाज चढला नाही. "गावात इचारत्यात, वरीसभर कुठं व्हतीस. मी सांगते माहेरी. माहेरी इचारत्यात, तर रगत कमी व्हतं. हिनं माझं लेकरू वाढीवलं, त्याला घरगुती कारन म्हनायचं का? एका कागदावर तरी खरं असू द्या."

सासूबाई मेथीची जुडी सोडत म्हणाल्या, "नाव नका लिवू कुनाचं."

"न्हाई लिहीत," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी मिळून ते लिहिलं. आक्का सांगायची, मी शुद्ध भाषेत करायचे, आणि बाईंनी सांगितलेल्या तीन गोष्टींपलीकडं गेलं की खोडायचे. शेवटी चौकटीत असं आलं: बारावीनंतर एक वर्ष मी शिक्षण घेऊ शकले नाही. बाळंतपणानंतर माझ्या थोरल्या बहिणीला क्षयरोग झाल्याचे निदान झाले. तिच्यावर उपचार चालू असताना तिच्या तान्ह्या मुलीला मी आमच्या घरी सांभाळले. बहीण आता पूर्ण बरी आहे व मुलगी तिच्याजवळ आहे. त्यामुळे यापुढे माझ्या शिक्षणात अडचण येणार नाही.

'मुलगी तिच्याजवळ आहे' हे शब्द लिहिताना माझा हात थांबला. समोरच ती आक्काच्या मांडीवर पेंगत होती. आक्कानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, पेन अडलं.

निघायच्या वेळेपर्यंत बाळ माझ्या जवळ आलं होतं. वडी दिली तर घेतली. कडेवर आलं, पण अंग चोरून, पाहुण्याच्या कडेवर बसावं तसं. मी तिच्या केसांचा वास घेतला. साबण वेगळा होता.

कॉलेजात मुलाखत झाली. टेबलापलीकडं दोन बाई आणि एक सर. त्यातल्या वयस्कर बाईंनी शेवटचं पान उघडलं होतं. त्यांनी आधी मार्कांचं विचारलं, विषयांचं विचारलं. मग म्हणाल्या, "वर्षभरात अभ्यास काही झाला?"

"फार नाही. ती झोपली की थोडा."

"आता ती आईकडे आहे ना?"

"हो."

"तिची आठवण येते का?"

असं कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. घरात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "येते."

सर म्हणाले, "मग होस्टेलला राहवेल का? पहिल्या महिन्यात परत जाणाऱ्या मुली असतात."

मी म्हणाले, "सर, घरी असले तरी येते. तिथं आता झोळी नाही."

त्या बाईंनी सरांकडं पाहिलं आणि पान मिटलं. यादीत माझं नाव लागलं.

होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी होतो. दुपारी प्रॅक्टिकल संपवून आले की शेजारच्या इमारतीतून एका तान्ह्या बाळाचं रडणं यायचं. त्याची आई त्याला उचलेपर्यंत मला पुस्तकात लक्ष लावता यायचं नाही. एकदा ते फारच वेळ रडलं तेव्हा मी जिन्यापर्यंत जाऊन उभी राहिले. कुणाचं बाळ, कुणाची आई, मला काहीच माहीत नव्हतं. रडणं थांबलं तशी परत आले. पहिल्या सत्रात मार्क कमी पडले, पुढं सावरले. सुट्टीत घरी गेले की चार दिवसांतले दोन दिवस ओझरला काढायचे. आई म्हणायची, "तिकडंच ऱ्हा की." ते चिडून नसायचं.

आक्काच्या नणंदेचं लग्न चांगल्या घरात झालं. तिथं आजाराचं कुणाला कळलं की नाही, मला माहीत नाही. आक्काला पुढं मुलगा झाला. तिचा खोकला पुन्हा कधी आला नाही. हिवाळ्यात साधी सर्दी झाली तरी दाजी तिला नारायणगावला डॉक्टरांकडं नेतात. एवढा कमी बोलणारा माणूस, पण त्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

मी शिकले, पुण्यातच एका प्रयोगशाळेत लागले, लग्न झालं. मला मुलगा झाला तेव्हा आई बाळंतपणाला पुण्याला आली. तिनं पाण्याची बादली भरली आणि मी न सांगता पाय लांब करून पाटावर बसले. शेजारच्या बायकांना आश्चर्य वाटलं, पहिलटकरणीला कसं येतं. आईनं काही सांगितलं नाही, मीही नाही. माझ्या मुलावर माझा जीव आहे, त्याच्या वाट्याचा त्याला आहेच. पण जी आधी येऊन गेली होती, तिची जागा त्यानं घेतली नाही. ती जागा तशीच आहे. कधी रस्त्यात एखाद्या बाईच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं मूल दिसलं, की माझ्या उजव्या खांद्याला ते वजन जाणवतं. हे मी कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही. आक्का जिवंत आहे, मुलगी तिच्याजवळ आहे, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. मग आठवण कशाची काढायची, असं मीच स्वतःला विचारते.

दोन हजारनंतरची गोष्ट. मुलगी तेव्हा माध्यमिक शाळेत जात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलाला घेऊन ओझरला गेले होते. संकष्टी होती, सकाळी सगळ्यांनी देवळात जाऊन दर्शन घेतलं. बाहेर आल्यावर आक्का नारळ फोडायला पुढं गेली आणि मुलगी न मी नदीकडच्या पायऱ्यांवर बसलो. ती उंच झाली होती, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. तिनं सहज विचारलं, "मावशी, मी लहान असताना वर्षभर तुझ्याकडं होते ना? आई सांगते. मला काहीच आठवत नाही."

"कसं आठवणार? एवढीशी होतीस."

"मग तू सांग ना. मी कशी होते?"

कुठून सुरुवात करावी मला कळेना. मग तिला पिठाची गोष्ट सांगायला घेतली. आईनं गिरणीतून दळण आणून डबा उघडा ठेवला होता आणि ही रांगत तिथं पोचली. मी विहिरीवरून आले तर डबा आडवा, सगळीकडं पीठ, आणि मधोमध ही, भुवयांपासून पायांपर्यंत पांढरी, दोन्ही मुठींत पीठ धरून माझ्याकडं बघतेय. ती हसायला लागली. दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती, डोळे मोठे करून. "मग? तू मारलंस मला?" मी म्हणाले, "नाही गं, मी पण तिथंच बसले, आणि मग तू काय केलंस—"

तेवढ्यात वरून तिच्या मैत्रिणींनी तिला हाक मारली. त्यांनी तिचं खरं नाव घेतलं, बारशाचं. ती उठली, "आलेच मावशी," म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

मी तिथं बसून राहिले. पाण्यात एक माणूस म्हैस धूत होता. माझा मुलगा खडे फेकत होता. थोड्या वेळानं आक्का आली, शेजारी बसली, आणि फोडलेल्या नारळाचा तुकडा माझ्या हातात दिला. वरून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यातलं तिचं हसणं कुठलं ते आम्हा दोघींनाही ओळखू येत होतं.